कुलूप लागलेल्या घरांची मतं : विदर्भातल्या ६२ आमदारांना खुलं पत्र

विदर्भातल्या सर्व आमदार मंडळींना,
सादर नमस्कार.

मी चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या एका धानाच्या गावातला निवृत्त शिक्षक. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून मतदार यादीचं कामही केलं. नागपुरात तुमचं हिवाळी अधिवेशन भरतं त्याच सुमारास आमच्याकडे धानाची चुरणी (मळणी) उरकते आणि गावात बांधाबांध सुरू होते. गोधड्या, स्वयंपाकाचे दोन गंज, तांदळाचं चुंगडं, लहान पोर असेल तर त्याचा झोळणा. मुकादमाची पिकअप आली की माणसं निघतात. कोणी कोरपन्याकडे कापूस वेचायला, बहुतेक तेलंगणात मिरची तोडायला. आमचे म्हातारे अजून ‘आंध्रात गेला’ असंच म्हणतात. मग होळीपर्यंत, कधी मोहफुलं सरत येईपर्यंत, गावातल्या कितीतरी दारांना कुलूप.

पत्र लिहायला बसलो त्याला माझी एक चूक कारण आहे. आधी ती सांगतो, मागणी नंतर.

२०१३ चा हिवाळा होता. त्या साली आमच्या बांध्यांत धानावर तुडतुडा पडला आणि टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवरची, काही घरं दिवाळी आटोपल्या आटोपल्याच निघून गेली. मी यादीच्या पडताळणीला घरोघर फिरत होतो. एका घराला कुलूप. दुसऱ्यांदा गेलो, तरी कुलूप. शेजारच्या म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, “गेले ना गुरुजी, कमवाले.” कुठं? “का मालूम.” मी रजिस्टरमध्ये ‘स्थलांतरित’ असा शेरा मारला. नियमाप्रमाणे नोटीस निघाली, ती दारावर चिकटवली. कुलूपबंद दारावरची नोटीस कोण वाचणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. खाली सही करताना काम चोख केल्याचं समाधानच होतं.

१० एप्रिल २०१४ ला लोकसभेचं मतदान. मी शाळेच्या फाटकाबाहेर टेबल टाकून मतदारांच्या चिठ्ठ्या देत बसलो होतो. अकराच्या सुमारास त्या घरची बाई आली, मागून नवरा आणि सासू. होळीला परतलेली माणसं. मिरची तोडणाऱ्या बायकांची बोटं महिना-महिना पूर्ववत होत नाहीत, टोकं सोलून लाल झालेली असतात, तशी तिची होती. प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली तिघांची ओळखपत्रं तिनं टेबलावर ठेवली. मी यादी चाळली. तिन्ही नावं वगळलेली.

“गुरुजी, माहं नाव त तुमीच लिहून नेलं होतं ना?”

“हो बाई.”

“मंग खोडलं कोनं?”

मी म्हणालो, वरून झालं असेल. पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढं धडधडीत खोटं मी दुसरं बोललो नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं. “बरं” म्हणाली, कार्डं पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली आणि नवऱ्याला म्हणाली, “चाला, मोहं येचाले उशीर होते.”

पुढं मी स्वतः त्यांचे अर्ज भरून तिघांची नावं परत चढवली. पण ते मत गेलं ते गेलंच. निवृत्त झाल्यावर, हाताशी वेळ होता म्हणून, १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा काढून वाचला. त्याच्या कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय की तात्पुरता गाव सोडला म्हणून माणसाचं तिथलं सर्वसाधारण वास्तव्य संपत नाही. म्हणजे माझा शेरा कायद्यालाच धरून नव्हता. प्रशिक्षणात हे सांगितलं गेलं असेल तर मला तेव्हा डुलकी लागली असावी. दुपारच्या जेवणानंतरची प्रशिक्षणं कशी असतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही सभागृहात बसता.

आता माझ्याच मताचं बघा. बीएलओ होण्याआधीची वीसेक वर्षं मी दर निवडणुकीला मतदान अधिकारी म्हणून जायचो. कधी सिंदेवाहीकडे, कधी पार राजुऱ्याच्या पलीकडे. मतपेट्या होत्या तेव्हाही आणि यंत्रं आली तेव्हाही. मतदानाच्या दिवशी मी माझ्या गावात कधीच नसे. तरी माझं मत बुडालं नाही. टपाली मतपत्रिका यायची, आतलं पाकीट, बाहेरचं पाकीट, प्रतिज्ञापत्र, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मी गावात नाही याचं कारण सरकारी काम होतं, म्हणून सरकारनं माझ्या मताला वाट करून दिली. मिरचीच्या वावरात असलेली बाईही गावात नाही. तिचं कारण पोट. त्याला वाट नाही.

आणि कायद्याला हे जमत नाही असंही नाही. सीमेवरचा जवान टपालानं मत देतो. २००३ पासून त्याला आपल्या वतीनं मत द्यायला गावातला माणूसही नेमता येतो. काश्मिरातून विस्थापित झालेल्यांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत खास केंद्रं असतात, तिथं बसून ते आपल्या मूळ मतदारसंघासाठी मत देतात. ८५ वर्षांपुढची म्हातारी माणसं आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांग असलेले मतदार यांच्या घरी पथक जातं. २०२४ ला आमच्या गावातल्या एका आजोबांकडे असं पथक आलं होतं. पुठ्ठ्याचा आडोसा, लिफाफे, चित्रीकरण करणारा पोरगा, बंदोबस्ताला पोलीस. आजोबांनी आधी अंघोळ करून धोतर बदललं आणि मग मत दिलं. सगळी मंडळी तोवर अंगणात थांबली होती. मला फार बरं वाटलं ते बघून. आणि त्याच दुपारी तिथून चार घरं सोडून असलेल्या कुलपांकडे बघवेना.

आपल्या भागात मताचा इतिहास म्हणजे एकेक अट गळून पडण्याचा इतिहास आहे. इंग्रजांच्या १९१९ च्या कायद्यानं मत मिळालं ते मूठभरांना. १९३५ च्या कायद्यानं ते वाढलं, तरी लोकसंख्येच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आतबाहेरच राहिलं. जमीन किती, सारा किती भरता, शिकलात किती, हे बघून मत. मालगुजाराला, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराला, मत होतं, त्याच्या बांधीत रोवणा करणाऱ्या गड्याला नव्हतं. १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढं साक्ष देणारे डॉ. आंबेडकर १९२८ मध्ये सायमन कमिशनच्या वेळी सरळ प्रौढ मताधिकार मागत होते, बाई असो की पुरुष, शिकलेला असो की नसो. संविधानानं तो दिला.

आमच्या पट्ट्यात त्याला आणखी एक जोड मिळाली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि तिथल्या कायद्यानं ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. त्याच हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली. एका वर्षाच्या आत मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला (आजही आपण त्याला ‘मामा तलाव’ म्हणतो, माजी मालगुजारी) आणि मालगुजाराचं मत त्याच्या गड्याच्या मताएवढं झालं. माझे आजोबा असेच सालदार होते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. आजोबांनी आत जाऊन आधी सगळ्या पेट्यांना हात लावून नमस्कार केला आणि मग मत टाकलं, असं घरात सांगतात. मालगुजार त्यांच्याच रांगेत चार माणसं मागं उभे होते, हे मात्र आजोबा स्वतः सांगायचे आणि दर वेळी सांगताना थांबून हसायचे.

आजीची गोष्ट निराळी. त्या पहिल्या यादीतून देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली, कारण त्यांनी नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची माय, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असं ठरवलं. बाईला स्वतःचं नाव असलंच पाहिजे, असं पहिल्यांदा म्हणणारं सरकारी दप्तर बहुधा मतदार यादीच असेल. आमच्या आजीचं नाव लागलं ते गावच्या मास्तरानं आजोबांना दटावलं म्हणून. बायकोचं नाव चारचौघांत घ्यायला ते तयार नव्हते. शेवटी त्यांनी मास्तराच्या कानात सांगितलं.

याच प्रौढ मताधिकारानं १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव केला, हेही लिहून ठेवतो. मताचा हक्क वाढला की निकाल आपल्या मनासारखा लागतो, असं मला म्हणायचं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ६१ वी घटनादुरुस्ती, मार्च १९८९ पासून मताचं वय २१ वरून १८. त्या नोव्हेंबरात मी ज्या केंद्रावर होतो तिथं कॉलेजची पोरं ठेवणीतले कपडे घालून आली होती. ७३ वी दुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या. सरपंचाच्या खुर्चीत नवरे बसले, हो, बसले. आमच्याकडेही एक होते, सही तेवढी बाईची. पण दुसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बाईनं पहिल्याच मासिक सभेत बोअरची मोटर कोणाच्या वावराकडे चालते हे विचारलं आणि तिचा नवरा बाहेर पारावर बिडी ओढत बसला होता. २०२२ पासून तर वर्षातून चार तारखांना अठरा पूर्ण करणाऱ्यांची नावं चढवता येतात, पूर्वी एकच १ जानेवारी होती.

म्हणजे जमिनीची अट गेली, शिक्षणाची गेली, नवऱ्याच्या नावानं ओळख सांगण्याची गेली, वयाची खाली आली. एक अट राहिली. कायद्याच्या पुस्तकात ती अट म्हणून लिहिलेली नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मतदानाच्या दिवशी तुम्ही तुमच्या गावात असलं पाहिजे. ज्याच्याजवळ बारमाही काम आहे किंवा दोन-चार एकर ओलिताची जमीन आहे, तो गावात असतो. ज्याच्याजवळ नाही तो मिरचीवर असतो. आता सांगा, जमिनीची अट खरंच गेली का?

याचा फटका कसा बसतो त्याचं एक उदाहरण सांगतो, आणि ते मला सगळ्यात जास्त खटकतं. आडवी बाटली. आपल्या राज्यात बायकांना मिळालेला हा एक विलक्षण मताधिकार आहे. गावातल्या एक चतुर्थांश बायकांनी मागणी केली की दारू दुकानाबद्दल गुप्त मतदान होतं, मतपत्रिकेवर दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. ज्या बाईला घरात नवऱ्यासमोर ‘दारू नको’ म्हणता येत नाही, तिला पडद्याआड म्हणता येतं. कायद्यानं समाज कसा हलतो असं मला कोणी विचारलं तर मी मोठमोठ्या घटनादुरुस्त्या बाजूला ठेवून आधी हीच मतपत्रिका दाखवीन.

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी लागली आणि २०२१ मध्ये उठली. ती लागण्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट. (जिल्ह्यातल्या बायका २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून पायी नागपूरच्या विधानभवनावर गेल्या होत्या. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.) आमच्या शेजारच्या गावात देशी दारूच्या दुकानाविरुद्ध बायकांनी मतदान मागितलं. अर्ज, सह्यांची पडताळणी, तारखा यांत महिने गेले आणि तारीख पडली ती फेब्रुवारीत. त्या दिवशी रांग बघण्यासारखी होती. आलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीला मत दिलं. उभ्या बाटलीची चळत बोटभर उंचीची सुद्धा नव्हती. आणि तरी दुकान वाचलं. कारण नियम असा की जितक्या बायका मतदानाला आल्या त्यांच्या नव्हे, यादीत जितक्या आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. अकरा कमी पडली.

त्या गावच्या कितीतरी बायका तेव्हा तेलंगणात होत्या. त्यांनी मत दिलं नाही, पण ते मोजलं गेलं, उभ्या बाटलीच्या बाजूनं. सह्यांच्या अर्जावर ज्यांचे अंगठे होते त्यांतल्याही काही जणी त्यात होत्या. निकाल ऐकून एक म्हातारी म्हणाली, “म्हंजे माही सून तिकडं मिरची तोडते अन् इकडं दारू पाजते का?” अधिकाऱ्यांकडे उत्तर नव्हतं. त्यांचा दोषही नव्हता. त्यांनी नियम पाळला.

दुसरं उदाहरण ग्रामपंचायतीचं. १५ जानेवारी २०२१, संक्रांतीचा दुसरा दिवस. राज्यभरात १४ हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक होती. आमच्याकडे एका वॉर्डात बायकांच्या राखीव जागेवर दोघी उभ्या होत्या, दोघीही माझ्याच शाळेत शिकलेल्या. १८ तारखेला तहसीलमध्ये मोजणी झाली आणि मतं सारखी निघाली. मग ईश्वरचिठ्ठी. बाहेर कोणाच्या तरी कडेवर असलेली चार वर्षांची पोर आत आणली, तिच्यापुढं स्टीलचा डबा धरला. तिनं दोन्ही चिठ्ठ्या उचलल्या. एक खाली ठेव म्हणून सांगितलं तर ती रडायलाच लागली. शेवटी एकदाची एक चिठ्ठी हातात राहिली आणि पाच वर्षांचा सदस्य ठरला. जी हरली तिच्या वॉर्डातले सात मतदार त्या दिवशी मिरचीवर होते. जी जिंकली तिचेही चार होते, तिनं स्वतःच सांगितलं. अकरा माणसांचं काम देवावर टाकलं आपण.

आणि ज्या उमेदवाराजवळ पैसा आहे, तो देवावर टाकत नाही. तो गाडी पाठवतो. खम्ममकडून रात्रभर गाडी येते, दुपारी मतदान, संध्याकाळी परत. दोन दिवसांची बुडालेली मजुरी हातावर ठेवतो, वर जेवण. हे मी ऐकीव सांगत नाही, गाडीतून उतरणाऱ्यांना मी चहा पाजलेला आहे. आता ज्यानं भाडं भरलं, मजुरी दिली, त्याला सोडून त्या माणसानं मत दुसऱ्याला द्यावं अशी अपेक्षा तुम्ही कराल? आपण म्हणतो, गरीब मत विकतो. गरिबाचं मत गावापर्यंत पोचवायचा खर्च कायद्यानं उमेदवाराच्या खिशावर टाकलाय, विकणं त्याच्या पुढचं आहे.

लोकसभा-विधानसभेचं मत हा दिल्लीचा विषय आहे हे मला कळतं. निवडणूक आयोगानं २०२२ च्या अखेरीस एक यंत्र तयार केल्याचं जाहीर केलं होतं, एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान होऊ शकेल असं. म्हणजे माणूस जिथं कामाला आहे तिथून मत देईल. २०२३ च्या जानेवारीत सगळ्या पक्षांना दाखवायला बोलावलं, पक्षांनी शंका काढल्या आणि यंत्र तिथंच राहिलं. शंका चुकीच्या होत्या असं मी म्हणत नाही. अनिवासी भारतीयांची गत याहून मजेशीर. २०१० च्या दुरुस्तीनं त्यांना यादीत घेतलं, पण मत द्यायचं तर गावी यायचं. दुबईतला इंजिनिअर आणि आमची मिरचीवाली, कायद्यानं दोघांना एका पंक्तीला बसवलंय. तो विमानानं येऊ शकतो एवढाच काय तो फरक.

पण ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद तुमच्या हातात आहे. संविधानाच्या कलम २४३-के नं पंचायतींच्या निवडणुकांविषयी कायदा करायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला दिला आहे. आडव्या बाटलीचा नियम तर पूर्णच राज्याचा.

‘कायदा बदलायला वेळ लागतो’ हे कृपा करून सांगू नका. सरपंच जनतेतून थेट निवडायचा हे २०१७ मध्ये ठरलं. २०२० मध्ये तो सदस्यांनी निवडायचा हे ठरलं. २०२२ मध्ये पुन्हा थेट. पाच वर्षांत तीनदा! बाजार समितीचंही तेच. देशातला पहिला नियमन झालेला कापसाचा बाजार १८८६ मध्ये आपल्याच कारंज्यात सुरू झाला, पण त्या बाजारात माल घेऊन येणाऱ्या साध्या शेतकऱ्याला समितीच्या निवडणुकीत मत मिळायला २०१७ उजाडलं, दहा गुंठ्यांच्या अटीवर. २०२० मध्ये ते काढूनही घेतलं. सरकार बदललं की आमचं मत पाटीवरच्या अक्षरासारखं पुसायचं आणि गिरवायचं. चंद्रपूर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं वर्षानुवर्षं प्रशासकच बसला, तो विषय तर मी इथं काढतच नाही. मुद्दा एवढाच, सभागृहाच्या मनात आलं की बदल भराभर होतात.

म्हणून मागतो ते असं.

ग्रामपंचायतीची निवडणूक आमच्या पूर्व विदर्भात डिसेंबर ते मार्च या दिवसांत घेऊ नका, आणि हे आयुक्तांच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहा. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे असं संविधान म्हणतं. मुदत जानेवारीत संपत असेल तर ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात, धान कापणीला माणसं गावात असताना घ्या. मेळघाटातले कोरकू मजूर होळीला घरी येतात, तिथला हंगाम वेगळा, तिथली तारीख वेगळी. एका राज्याला एकच तारीख का लागते? लोकसभेला तर विदर्भातच २०२४ मध्ये १९ आणि २६ एप्रिल अशा दोन तारखा होत्या.

तरीही जे बाहेर असतील त्यांच्यासाठी, उमेदवारांची यादी अंतिम झाली की तहसीलमध्ये किंवा ग्रामपंचायतीत चार-पाच दिवस आधी मत देण्याची सोय ठेवा. ज्यांची नावं बाहेर गेलेले म्हणून नोंदली आहेत त्यांना टपाली मतपत्रिका द्या. कोण कुठं गेलंय याची खबर गावात अंगणवाडीताईला नेमकी असते. तिला पोरांच्या खाऊचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून तिची वही माझ्या बीएलओच्या रजिस्टरपेक्षा नेहमीच खरी निघायची.

मोबाइलवरून मतदानाची टूम मात्र आमच्यावर आणू नका. बिहारनं २०२५ च्या जूनमध्ये नगरपालिकांच्या काही जागांसाठी ते करून पाहिलं, पाहू द्या. आमच्या वीस जणींच्या टोळीत चालू रिचार्जचा फोन असतो तो मुकादमाचा. टपाली मतपत्रिकेलाही हा धोका आहेच, मुकादम पाकिटं गोळा करील. म्हणून ती मजुराच्या हाती थेट देण्याची आणि तिथल्या तहसील कचेरीत जाऊन टाकण्याची व्यवस्था करावी लागेल, त्यासाठी तेलंगण सरकारशी बोलावं लागेल. कटकटीचं आहे. पण काश्मिरींसाठी दिल्लीत केंद्र उघडणंही कटकटीचंच होतं.

आणि आडव्या बाटलीसाठी, जेवढ्या बायका मतदान करतील त्यांच्या बहुमतावर निकाल लावा. तुम्ही सगळेही पडलेल्या मतांवरच निवडून आलात. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं मिळाली तरच आमदार, असा नियम लावला तर ६२ पैकी किती जण नागपूरला येतील, याचा हिशोब प्रत्येकानं घरी बसून करावा.

टोलीवरची ती बाई अजून जाते. आता सुनेला घेऊन जाते. तिची, नवऱ्याची, सुनेची नावं यादीत आहेत, मी गेल्या महिन्यात जाऊन पाहिली. सासू वारली, तिचंही नाव अजून आहे, ते कमी करायचा अर्ज मी भरून ठेवलाय. या खेपेला मुकादमाची गाडी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला शाळेपुढच्या पाराजवळ लागणार आहे. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या. थंडी फार असते, कानाला बांधायला काहीतरी आणा. चहा माझ्याकडे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तालुका मूल, जिल्हा चंद्रपूर